मावशीचं जत्रेतलं दुखणं

"ताई, ही डबी नक्की करती तरी काय?" गणपा मगदूमने विचारलं.

शलाका पेंडसे मावशीच्या कुशीत वाकली होती. हातातली पांढरी, बुंदीच्या लाडवाएवढी डबी तिने बेअरिंगच्या घरावर टेकवली. डबीच्या बुडाला लोहचुंबक होतं. ती हातातून निसटली आणि खट्‌दिशी चिकटली.

"ऐकते," शलाका म्हणाली. "मशीन किती थरथरतंय, किती तापलंय, ते ऐकते आणि बिनतारी पाठवते. इथून त्या भिंतीवरच्या पेटीत, तिथून इंटरनेटवर आणि तिथून थेट तुमच्या साहेबांच्या फोनवर. तब्येत बरी असली तर हिरवा दिवा, कुरबुर असली तर पिवळा आणि खरंच आजारी पडली तर लाल."

"आणि आजारी नसली, पण आमी म्हटलं आजारी हाय, तर?"

"तर हिरवा."

मगदूमने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. छताला काही झालेलं नव्हतं.

मावशी म्हणजे आमच्या कागद कारखान्यातला बॉयलरचा मोठा पंखा. भट्टीतला सगळा धूर ओढून धुराड्यात ढकलायचं काम तिचं. घरातला सगळा धूर जी स्वतःच्या नाकातोंडात घेते आणि वर दिवसभर कुरकुरते, तिला दुसरं नाव काय ठेवणार? मावशी थांबली की भट्टी थांबे, भट्टी थांबली की वाफ थांबे आणि वाफ थांबली की खोक्यांचा तपकिरी कागद काढणारं ते लांबलचक मशीन जागच्या जागी गप्प. मी त्या वेळी देखभाल विभागाचा प्रमुख होतो. मगदूम माझा फिटर.

आता यात जत्रा कुठून आली, ते सांगतो.

हणबरगाव वारणेच्या काठी आहे आणि कारखाना हणबरगावाच्या काठी. कामगार सगळे गावातले. गावाची भैरोबाची जत्रा चैत्रात. कारखान्याच्या सुट्ट्यांमध्ये जत्रेला जागा नव्हती. भट्टी वर्षभर पेटती ठेवायची, असा नियम. रजा मागायची तर सगळ्यांनाच हवी, म्हणून कुणालाच नाही. अशा वेळी मार्ग एकच उरतो. जत्रेच्या आदल्या दिवशी मगदूम माझ्या टेबलासमोर येऊन हात मागे बांधून उभा राही.

"साहेब, मावशी कण्हतीया."

मी जाऊन बेअरिंगवर तळहात ठेवी, डोळे मिटून घेई आणि "हं" म्हणे. या "हं"ला आमच्या कारखान्यात फार वजन होतं. मग मी मालकांना, दादासाहेबांना फोन करी. ते म्हणत, "बंद करा, पण परवा सकाळी ठणठणीत झाली पाहिजे." जत्रेच्या दिवशी कारखान्यात आम्ही दोघं-तिघं नावापुरते थांबत असू. मावशीच्या अंगावर पाने-पकडी पसरायच्या, चहा प्यायचा आणि दहाच्या सुमाराला ती बरी झाली की आम्हीही देवळात हजर. दादासाहेबांनी कधी विचारलं नाही की ही बाई नेमकी चैत्रातच का अंथरूण धरते. ते स्वतः दुपारी गुलाल-खोबरं घ्यायला देवळात येत, आम्ही समोरासमोर भेटत असू आणि ते मला विचारत, "काय पाध्ये, मावशी कशी आहे?" मी म्हणे, "आता उतार आहे."

असं सगळं शिस्तीत चाललेलं होतं. मग दादासाहेबांची तब्येत बिघडली, ती मात्र खरोखरची, आणि कारभार जावयाकडे गेला.

अजिंक्यराव माणूस वाईट नव्हता. पुण्यात आणि परदेशात शिकलेला, खोटं न बोलणारा आणि दुसऱ्याचं खोटं न खपवून घेणारा. कारखान्यात त्यांना तोंडावर सर आणि मागे जावईबापू म्हणत. आल्या आल्या त्यांनी पुण्याच्या एका छोट्या कंपनीकडून यंत्रांना बसवायच्या त्या पांढऱ्या डब्या मागवल्या आणि डब्यांबरोबर ही शलाका पेंडसे आली. जावईबापूंनी सगळ्यांना गोळा करून सांगितलं, "इथून पुढे मशीन कुणाच्या तळहातावर बंद होणार नाही. ॲप लाल झालं तरच बंद होईल." हे बोलताना ते माझ्या उजव्या हाताकडे बघत होते. सासऱ्याने जाता जाता सगळं सांगितलं असणार.

दुसऱ्या कुठल्या वर्षी हे झालं असतं, तर कामगारांनी चार शिव्या देऊन पुढच्या जत्रेची वाट बघितली असती. पण ते वर्ष मगदूमचं होतं.

शलाकाला हे त्याने स्वतःच सांगितलं. ती पंपावर डबी बसवत होती आणि तो तिचा पाना धरून उभा होता.

"ताई, सासनकाठी बघितलीया काय कधी?"

"नाही हो."

"देवळाच्या कळसाएवढा उंच वेळू असतोय. वर निशाण. चारी अंगानं दोर लावून माणसं तोलून धरत्यात आणि खाली एकजण खांद्यावर घेऊन नाचवत नेतोय, पार वेशीपास्नं देवळापतूर. त्यो मान आमच्या भावकीत घरोघरी फिरतोय. एकदा फिरला की पुन्यांदा दाराशी यायला माणूस म्हातारा होतोय."

"मग?"

"माझ्या बापाची पाळी आली तवा घरात सुतक पडलं. मान पुढं सरकला, दिनकरच्या बापाकडं. बाप माझा पार मरेपतूर त्या दिवशीचं बोलायचा. औंदा माझी पाळी हाय." त्याने पाना या हातातून त्या हातात घेतला. "बहिणी आल्यात माहेराला. धोतर आणलंय, फेटा आणलाय. आणि त्या दिवशी माझी पाळी हाय मावशीच्या अंगाखाली, तेल बघायची."

"रजा नाही मिळणार?"

"सगळ्यांच्या रजा रद्द हायत. कागद लागलाय गेटवर. गैरहजर ऱ्हायला त्यो घरी." तो जरा थांबला. "ताई, तुमच्या हातात हाय. एकदाच तांबडं दाखवा."

शलाकाने पाना मागितला, डबी नीट बसली का ते बघितलं आणि मग म्हणाली, "मगदूमदादा, मला वाईट वाटतं. पण खोटा लाल मी नाही दाखवणार. एकदा दाखवला की पुढच्या खऱ्या लालवर कोण विश्वास ठेवेल?"

मगदूम म्हणाला, "बरोबर हाय." आणि मावशीला लाल करायच्या तयारीला लागला.

पहिला प्रयोग साधा होता. डबीच्या शेजारी लाकडी ठोकळा ठेवून त्यावर हातोडीचे हलके ठोके. मावशीला इजा नाही, डबीला मात्र भूकंप. तासाभरात शलाकाचा फोन आला.

"पाध्येसाहेब, मावशीशेजारी कुणी भजन करतंय का?"

"का हो?"

"टाळ वाजल्यासारखं येतंय. ठेका छान आहे. पण बेअरिंग असं वाजत नाही. बेअरिंगला ताल कळत नाही."

दुसरा प्रयोग माझ्या नकळत झाला, असं मी तेव्हाही म्हणत होतो. कॅन्टीनमध्ये वाटणाचा एक मोठा ग्राइंडर होता. त्याचा एक पाय जन्मतःच आखूड असल्यामुळे तो चालू झाला की अख्खं कॅन्टीन थरथरे, चहाचे कप आपोआप पुढे सरकत. मगदूमने मावशीची डबी काढली आणि ग्राइंडरच्या पाठीला चिकटवली. डबीला काय, लोखंड मिळालं की झालं.

सकाळीच पिवळा दिवा लागला. कामगारांनी एकमेकांना डोळे मारले. जेवणाच्या सुट्टीपर्यंत पिवळा गडद झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी शलाका मोटारसायकलवरून हजर झाली, हातात फोन घेऊन मावशीपाशी गेली, तिथून दोन पावलं इकडे, चार पावलं तिकडे करत, फोनकडे बघत बघत चालत सुटली. मी मागे, माझ्यामागे मगदूम. वरात कॅन्टीनमध्ये पोहोचली. तिने ग्राइंडरच्या मागे हात घातला, डबी सोडवली, वास घेतला.

"पाध्येसाहेब," ती म्हणाली, "तुमची मावशी नऊला उठते, थोडं फिरते, थांबते. पुन्हा अकराला उठते. जेवणानंतर झोपते. मी विचारच करत होते, हिचं चाललंय काय. बाकी सगळं कळलं, फक्त खोबरं होतं की शेंगदाणे, तेवढं कळत नव्हतं."

"लसूण-खोबरं," कॅन्टीनवाला म्हणाला. तो भाबडा होता.

तिने ही गोष्ट जावईबापूंना सांगितली नाही. पण डबी सांगून बसली होती. त्यांच्याही फोनवर तेच दिसत होतं आणि तेही गणितात हुशार होते. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"पाध्ये, जत्रा कधी आहे?"

"परवा, सर."

"म्हणजे आज-उद्या मावशी आजारी पडणार."

"आपण सांगाल तसं," मी म्हणालो.

"आता काहीही होऊ दे," ते म्हणाले, "परवा कारखाना चालू राहणार. ॲप लाल झालं तरी मी स्वतः येऊन बघेन, मगच ठरवेन. कळलं?"

मी बाहेर येऊन मगदूमला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, कापडाला हात पुसले. "मंग सपलंच की साहेब," एवढंच म्हणाला आणि तेलाचा डबा उचलून मावशीकडे गेला. इतक्या वर्षांत मी त्याला चालताना पाय ओढताना पहिल्यांदा बघितलं.

आणि दुसऱ्या दिवशी, जत्रेच्या आदल्या दिवशी दुपारी, ॲप लाल झालं.

मी धावत गेलो, तेव्हा मगदूम मावशीच्या मोकळ्या बाजूला उकिडवा बसला होता. बाकीचे कामगार लांबून बघत होते आणि खूश होते. एकजण मला हळूच म्हणाला, "साहेब, ह्या वख्ताला लई भारी जमवलंय गणपानं. आवाज सुदिक काढलाय!"

मी बेअरिंगवर तळहात ठेवला आणि झटकन काढून घेतला. चटका बसला होता. आतून दगड दळल्यासारखा आवाज येत होता.

"मगदूम," मी हळू आवाजात विचारलं, "काय केलंस?"

"आईच्यान काय न्हाई केलं साहेब," तो म्हणाला. "खरंच गेलंय बेअरिंग."

आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. कारण आम्हा दोघांच्याही एकदमच लक्षात आलं.

मावशी खोटी आजारी पडली की सगळ्यांना सुट्टी. मावशी खरी आजारी पडली की सगळ्यांना सुट्टी, फक्त दोघांना सोडून. तिला बरं करायचं कुणी? मी आणि मगदूमने. नवं बेअरिंग पुण्याहून मागवायचं, ते पोचणार सकाळी; सगळं उघडायचं, जुनं ओढून काढायचं, नवं तेलात तापवून दांड्यावर चढवायचं, मग मापं घ्यायची. हे काम सकाळी सुरू झालं तर दुपार उलटते. आणि सासनकाठी वेशीतून उठते दुपारी.

ज्या लाल दिव्यासाठी तो आठवडाभर धडपडला, तो लागला होता. आणि अख्ख्या गावात जत्रेला न जाऊ शकणारा एकच माणूस उरला होता.

तेवढ्यात पॅकिंगमधला दिनकर मगदूम तिथे येऊन उभा राहिला. हा तोच दिनकर, ज्याच्या बापाकडे मागच्या वेळी मान सरकला होता. त्याने मान वाकडी करून मावशीचा आवाज ऐकला. बराच वेळ ऐकला. कान त्याचा तयार होता. पॅकिंगला जायच्या आधी तोही फिटरच होता.

"गणपा," तो म्हणाला, "हे खरं हाय."

मगदूमने तेलाचा डबा बाजूला सरकवला.

"म्हंजी उद्या तू हितंच."

"बघू."

"काय बघू? मानकरी कामात खरा अडला तर मान पुढच्या घराकडं जातोय. पुढचं घर माझं." तो जायला वळला, मग पुन्हा मागे वळून म्हणाला, "माझं धोतर जुनं हाय, पर चालतंय."

जावईबापू आणि शलाका तासाभरात आले. कामगार ओळीने उभे राहून गंभीर चेहरे करून बघत होते. जावईबापूंनी त्या चेहऱ्यांवर एक नजर टाकली आणि ओठ दाबले.

"सर, आवाज ऐका," शलाका म्हणाली. "फोनवरही बघा. हे बेअरिंगच आहे. ग्राइंडर नाही, ठोके नाहीत. आज बंद नाही केलं तर दांडा खराब होईल, कदाचित पंखाच फुटेल."

"आवाज काढता येतो," जावईबापू म्हणाले. "पाध्ये, तुम्ही बोला."

"हं," मी म्हणालो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो खरा होता.

"तुमचा हं मला माहीत आहे." ते मगदूमकडे वळले. "तू सांग. आजारी आहे ना तुझी मावशी? बंद करू?"

तेव्हा मगदूमने जे केलं, ते मी विसरू शकत नाही. तो ताठ उभा राहिला, मावशीच्या पाठीवर हात ठेवला (फार टेकवला नाही, भाजत होतं) आणि म्हणाला, "न्हाई सर. ठणठणीत हाय. जरा तेल कमी झालतं. चालू द्या. परवा बघू."

सगळे कामगार त्याच्याकडे बघतच राहिले. शलाकाने फोनवरचा लाल दिवा त्याच्यासमोर धरला.

"चालू ठेवू म्हणतोस?" जावईबापूंनी विचारलं.

"व्हय सर. उद्या मी हाय की पाळीला. बघतो तिच्याकडं."

"जत्रेच्या दिवशी?"

"जत्रा काय दरसाल येती सर. काम म्हत्त्वाचं."

जावईबापूंनी त्याला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं. मग शलाकाकडे वळून म्हणाले, "मॅडम, मला तुमच्या ॲपबद्दल थोडी शंका होती. पाध्यांच्या हाताबद्दल पुष्कळ होती. पण जत्रेच्या आदल्या दिवशी हा माणूस जर मशीन चालू ठेवा म्हणत असेल, तर ते नक्की मरायला टेकलं असणार." आणि वळून ओरडले, "बंद करा!"

मावशी थांबली. कामगारांनी हूं की चूं न करता हातपाय धुतले आणि पाच मिनिटांत कारखाना रिकामा झाला. जाता जाता एकजण मगदूमच्या कानात म्हणून गेला, "मानलं गड्या. काय नाटक केलंस! जावयाला पार गुंडाळला!"

नवं बेअरिंग पुण्याहून सकाळी आलं. आम्ही ते येण्याआधीच बेअरिंगवरची लोखंडी टोपी काढून, जुनं ओढून काढायचा पुलर लावून तयार होतो. जावईबापू स्वतः उजाडताच आले होते, पांढरा शर्ट घालून. आम्ही पळून जाऊ, अशी त्यांना शंका असावी. एक खुर्ची घेऊन मावशीसमोर बसले.

जुनं बेअरिंग निघेना. दांड्याला असं धरून बसलं होतं की जणू तेच मानकरी. मगदूम मान खाली घालून काम करत होता. गावाकडून हलगीचा आवाज आला की त्याचा हात क्षणभर थांबे आणि पुन्हा चाले.

"हा आवाज कसला?" जावईबापूंनी विचारलं.

"हलगी हाय सर. काठ्या वेशीवर आणाय लागल्यात."

"तुला जायचं होतं?"

मगदूम पुलर आवळत राहिला. उत्तर शलाकाने दिलं. सुतक, बाप, दिनकर, धोतर, सगळं सांगितलं. ती कागदावरचं वाचून दाखवावं तशी सांगत होती, कारण ती जास्तीचं काही घालणारी बाई नव्हती. जावईबापू ऐकत होते. तिचं बोलून झालं, तेव्हा ते खुर्चीवरून उठले.

"मग काल खरं का बोलला नाहीस?" ते मगदूमला म्हणाले.

"काल मावशी आजारी हाय, बंद करा म्हणालो असतो सर," मगदूम पुलरचा स्क्रू फिरवत म्हणाला, "तर तुमी पटवून घेतलं असतं व्हय?"

जावईबापूंनी बाह्या दुमडल्या. "धरू कुठे?"

त्यांना पुलरची कमी, आमच्या शिव्यांची जास्त माहिती होती, पण अंगात जोर होता. तिघांनी मिळून ओढल्यावर जुनं बेअरिंग सुटलं आणि जावईबापू त्याच्याबरोबर मागे जाऊन तेलात बसले. उठले तेव्हा पांढरा शर्ट पांढरा राहिला नव्हता. बाजूला तेलाच्या डब्यात नवं बेअरिंग तापत होतं. ते तापून फुगलं की सलग दांड्यावर सरकवायचं असतं, गार व्हायच्या आत. अर्ध्यात अडकलं तर गेला दिवस. मगदूमने हातमोजे घातले, तोंडाने देवाचं नाव घेतलं आणि ते उचललं. एकदाही न अडता ते जागेवर जाऊन बसलं.

"वा!" जावईबापू म्हणाले. हा शब्द त्यांच्या तोंडून कारखान्यात कुणीच ऐकला नव्हता.

दुपार झाली होती. शलाकाने डबी पुन्हा खट्‌दिशी बसवली, मावशी चाचणीपुरती सुरू केली. ती फिरली, कुरकुरली नाही, गपगार फिरत राहिली. शलाकाने फोन पुढे केला. हिरवा.

"आता जा!" मी मगदूमला म्हणालो.

"उपेग न्हाई साहेब. काठी कधीच उठली असंल. दिनकरच्या खांद्यावर."

"बस गाडीत," जावईबापू म्हणाले.

"सर, अंगाला ग्रीस..."

"माझ्या अंगाला काय अत्तर आहे? बस."

गेटवर मगदूमची बायको धोतर-फेटा घेऊन सकाळपासून बसली होती. नळाखाली डोकं घालून, कपडे धुवायच्या पावडरीने त्याने अंग घासलं. ग्रीस निघालं नाही, पसरलं. जावईबापूंच्या गाडीत मागे मी, शलाका, वहिनी आणि पुढे ग्रीसचा वास मारणारा मानकरी.

वेशीत अख्खं गाव उभं होतं. बाकीच्या काठ्या नाचत पुढे गेल्या होत्या. एकच काठी मागे उरली होती, जमिनीवर टेकवलेली, दोर ताणून माणसं धरून उभी. काठी उठलीच नव्हती.

आणि काठीच्या बुडाशी दिनकर उभा होता. घसा बसलेला, चेहरा लाल.

"तात्या, पुन्यांदा सांगतो," तो म्हाताऱ्या बाबू गुरवाला म्हणत होता, "मावशी खरंच आजारी हाय! मी माझ्या कानानं ऐकलंय. बेअरिंग गेलंय. त्यो खरा अडलाय. मान पुढच्या घराचा!"

"दिनकर," गुरव म्हणाला, "लाज वाटू दे काय तरी. मानाच्या लालचेनं मावशीला आजारी पाडतोस व्हय? आरं, आमी काय आज बघतोय तिचं दुखणं? दरसाल दहाला बरी व्हतीया, अकराला गणपा येतोय. ह्या साली जावईबापू नवीन म्हणून जरा जादा नाटक करावं लागलं असंल. येतोय त्यो. न्हाई आला तर उचलून आणू, पर मान काय जात न्हाई."

गर्दी हसली. सकाळपासून ती हसत असावी. त्या दिवशी हणबरगावात एकच माणूस खरं बोलत होता आणि त्याच्यावर कुणी विश्वास ठेवायला तयार नव्हतं.

"आला! आला गणपा!" कुणी तरी ओरडलं.

मगदूम गाडीतून उतरला आणि तिथेच थांबला. दिनकर त्याला आडवा आला.

"थांब. तात्या, माझं नका ऐकू. ह्यास्नी इचारा!" त्याने जावईबापूंकडे बोट केलं. "हे कधी खोटं बोलत न्हाईत. ह्यांच्याच फोनवर तांबडं लागलं. इचारा, मावशी खरी आजारी व्हती का न्हवती?"

हलगी थांबली. गुरव आपली हातातली काठी टेकत जावईबापूंपुढे आला आणि त्यांच्या तेलकट शर्टाकडे बघून जरासा चपापला.

"सर, देवाच्या दारात इचारतोय. खरं सांगा. गणपा खरा अडला व्हता काय?"

मगदूम जमिनीकडे बघत होता. त्याची बायको त्याच्याकडे बघत होती. शलाका आपल्या बुटांकडे बघू लागली. जावईबापूंनी मगदूमच्या फेट्याकडे बघितलं. घाईत बांधलेला तो फेटा एका कानावर आला होता. मग ते काठीच्या टोकाला फडफडणाऱ्या निशाणाकडे बघत राहिले.

"आमची मावशी?" ते म्हणाले. "तिला काय धाड भरलीय?"

गाव असं हसलं की नदीवरचे बगळे उडाले. "भैरोबाच्या नावानं..." गुरव ओरडला आणि "चांगभलं!" म्हणत गुलालाचा ढग उठला. मगदूमने वाकून काठीला डोकं टेकवलं, खांदा दिला आणि ती जमिनीवरून उचलली.

दिनकरने कपाळावर हात मारला. मग त्याच हाताने पुढचा दोर घट्ट धरला, कारण काही झालं तरी काठी पडू द्यायची नसते.